पडण्यात अव्वल, चाकूत नापास: पुण्यातील एका स्वसंरक्षण वर्गाचे परीक्षण

तीन महिन्यांच्या या स्वसंरक्षण वर्गात जे जे शिकवले गेले त्यात सर्वांत मोलाचे काय, असे कोणी विचारले तर मी ठोसा, लाथ किंवा मनगटाची सोडवणूक यांपैकी कशाचेही नाव घेणार नाही; मी सांगेन, पडणे. सुरुवातीचे दोन आठवडे प्रशिक्षकांनी आम्हाला मारायला शिकवलेच नाही, केवळ पडायला शिकवले, आणि मारामारी शिकण्याच्या उत्साहाने आलेली काही मंडळी कंटाळून निघूनही गेली. जे टिकले त्यांच्या पदरात मात्र असे काही पडले, जे हल्लेखोर आयुष्यात एकदाही भेटला नाही तरी कामी येणार आहे.

वर्गाचे नाव मी मुद्दाम देत नाही. त्यातले काही भाग अतिशय चांगले आहेत, एक भाग मला चक्क धोक्याचा वाटला, आणि मुलीला किंवा स्वतःला अशा वर्गात घालू पाहणाऱ्या वाचकाला नावापेक्षा काय पाहायचे हे कळणे अधिक उपयोगाचे आहे. वर्ग कर्वेनगरच्या बाजूला एका सोसायटीच्या तळमजल्यावरील हॉलमध्ये आठवड्यातून तीन संध्याकाळी, सातनंतर दीड तास भरतो. शुल्क महिन्याला दीड हजार रुपये असून तिन्ही महिन्यांचे आगाऊ भरावे लागते. गणवेश नाही, ट्रॅक पँट आणि ओढाताण सहन करील असा जाड टी-शर्ट पुरतो. रंगीत पट्टे नाहीत, ग्रेडिंग नाही, त्यामुळे दर तीन महिन्यांनी परीक्षा शुल्काच्या नावाखाली खिशाला बसणारी चाटही नाही. आमच्या बॅचमध्ये महाविद्यालयीन मुली, रात्रपाळीहून कॅबने घरी येणाऱ्या आयटीतल्या काही जणी, माझ्यासारख्या पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या दोघी-तिघी आणि दोन निवृत्त गृहस्थ होते. मुख्य प्रशिक्षक तरुणपणी कोल्हापूरकडच्या तालमीत मातीत घडलेले आणि पुढे ज्युदोकडे वळलेले. त्यांच्या जोडीला असलेली सहप्रशिक्षिका विद्यापीठाकडून ज्युदो खेळलेली. सगळे त्यांना सर आणि तिला ताई म्हणत, वयाने मोठे असलेलेसुद्धा.

आता पडण्याविषयी. ज्युदोत या विद्येला उकेमी म्हणतात आणि ती शिकल्याशिवाय कोणालाही कोणाला उचलून टाकण्याची परवानगी नसते. मागे पडताना हनुवटी छातीला चिकटवायची आणि नजर स्वतःच्या कमरेकडे ठेवायची, म्हणजे डोक्याची मागची बाजू जमिनीवर आपटत नाही; पाठ गोल करायची, गुडघे वाकवून शक्य तितके खाली बसत टाचांजवळ टेकायचे, तिथून पाठीवर लोळत जायचे, आणि पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हात तळवे खाली करून शरीरापासून साधारण ४५ अंशांच्या कोनात गादीवर आपटायचे. त्याच वेळी श्वास बाहेर सोडायचा. हात आपटण्याने धक्का मोठ्या पृष्ठभागावर विभागला जातो, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे हातांना एक काम मिळते आणि ते मागे टेकले जात नाहीत. तोल गेला की हात पुढे किंवा मागे टेकवणे ही माणसाची उपजत सवय आहे, आणि पडल्यावर मनगटाजवळचे हाड मोडण्याचे ते अगदी नेहमीचे कारण आहे. हनुवटी छातीशी टेकलेली राहावी म्हणून ताईने केलेली युक्ती फार साधी होती: प्रत्येकाने हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये घडी केलेला रुमाल धरायचा आणि पडायचे, रुमाल सुटला तर पुन्हा. आधी बसून, मग उकिडवे, मग उभ्याने, आणि शेवटी गुडघ्यांवर ओणव्या झालेल्या जोडीदाराच्या पाठीवरून मागे. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस रुमालाची गरज उरली नाही.

निवृत्तांपैकी एकांना पहिल्या दिवशी गादीवर पाठ टेकवायचीही भीती वाटत होती. त्यांच्यासाठी सरांनी वेगळा क्रम लावला आणि उभ्याने मागे पडणे शेवटपर्यंत करू दिले नाही, हे मला विशेष आवडले, कारण वयाचा विचार न करता सर्वांना एकाच घाण्याला जुंपणारे प्रशिक्षक मी पाहिलेले आहेत. ओल्या फरशीवर, पावसाळ्यात दुचाकी घसरल्यावर किंवा बसमधून उतरताना कोणी ढकलल्यावर माणूस पडतो, आणि सर्वसाधारण पुणेकराच्या आयुष्यात असे प्रसंग हल्ल्यापेक्षा कितीतरी अधिक वेळा येतात. केवळ एवढ्यासाठी शुल्क वसूल झाले असे मी म्हणेन.

वर्गाचे दुसरे बलस्थान म्हणजे विरोध करणारा जोडीदार. स्वसंरक्षणाचा कोणताही वर्ग जोखायचा असेल तर हा एक निकष पुरेसा आहे, असे माझे मत तिथे पक्के झाले. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोतील एका बौद्ध मंदिरात कोदोकान या आपल्या ज्युदो शाळेची स्थापना केली तेव्हा त्यांच्यासमोर जुजुत्सू या जपानी युद्धविद्येच्या जुन्या परंपरा होत्या आणि त्यांत जीवघेण्या युक्त्यांना तोटा नव्हता. अडचण अशी की डोळ्यांत बोटे घालणे किंवा सांधा निखळवणे यांचा सराव पूर्ण ताकदीने करता येत नाही. केला तर जोडीदार उरत नाही. कानो यांनी अशा युक्त्या मुक्त सरावातून वगळल्या आणि ज्या पूर्ण जोराने, पूर्ण विरोधासह रोज करता येतील अशाच ठेवल्या. त्या मुक्त सरावाला रांदोरी म्हणतात. कागदावर कमी घातक दिसणारी ही पद्धत प्रत्यक्षात अधिक भरवशाची ठरली, कारण तिचा विद्यार्थी पाडला जायला तयार नसलेल्या माणसाला शेकडो वेळा पाडून आलेला असतो. आपल्याकडच्या तालमीत हे कोणाला वेगळे सांगावे लागत नाही. मातीत उतरून लढत केल्याशिवाय तिथे कोणाचा डाव डाव म्हणून मोजला जात नाही, आणि ढाक किंवा धोबीपछाड नुसती समजली म्हणून वस्ताद पाठ थोपटत नाहीत.

आमच्या वर्गात प्रत्येक संध्याकाळची शेवटची वीस मिनिटे अशा सरावासाठी राखून ठेवलेली होती. आधी शिकवलेली एकच पकड घ्यायची, जोडीदाराने ती खरोखर घट्ट धरायची आणि आपण सुटायचे. सुटता आले नाही तर सरांनी वेळ संपल्याचे सांगेपर्यंत अडकून राहायचे. अडकून राहण्याचा हा अनुभव अपमानास्पद वाटला तरी त्यानेच शिकवले. मनगट धरले असता पकडणाऱ्याच्या अंगठ्याच्या आणि बोटांच्या मधल्या फटीतून हात सोडवायचा, ही गोष्ट सगळेच वर्ग दाखवतात. ती सहकार्य करणाऱ्या जोडीदारावर पहिल्या प्रयत्नात जमते आणि शिकणाऱ्याला आपण फार काही मिळवले असे वाटते. आमच्या बॅचमधल्या एका सडपातळ मुलीचे मनगट तिच्यापेक्षा दुप्पट वजनाच्या गृहस्थांनी धरले तेव्हा मात्र तिने कितीही हिसके दिले तरी काही होईना. सरांनी तिला हात ओढणे थांबवायला सांगितले, एक पाऊल त्यांच्याच दिशेने टाकायला लावले आणि आपले कोपर त्यांच्या कोपराकडे नेत कमरेपासून वळायला सांगितले. मनगट सुटले. ओढण्यात तिचा दंड त्यांच्या दंडाशी झुंजत होता. वळण्यात तिचे सगळे अंग त्यांच्या एका अंगठ्याविरुद्ध गेले. हा फरक फळ्यावर काढून समजला नसता.

या ठिकाणी कराटेच्या वर्गांविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण पालक पहिली विचारपूस त्यांचीच करतात. गिचिन फुनाकोशी यांनी ओकिनावाहून येऊन १९२२ मध्ये टोकियोत प्रात्यक्षिक दाखवले आणि तिथून कराटेचा जपानभर, पुढे जगभर प्रसार झाला. मूलभूत हालचाली, ठरावीक क्रमाने करायच्या हालचाली म्हणजे काता आणि जोडीदाराबरोबरच्या लढतीचा सराव म्हणजे कुमिते अशी तिची तीन अंगे. शारीरिक ठेवण, शिस्त, तोल आणि वेग यांसाठी काता उत्तम आहे, आणि अंगावर खरा मार घेत कुमिते करणाऱ्या क्योकुशिनसारख्या शाखांना कमी लेखण्याचे मला कारण नाही. परंतु सोसायटीच्या गच्चीवर चाळीस मुले रांगेत उभी राहून हवेत ठोसे मारतात, कुमिते वर्षातून एखाद्या वेळी होते आणि पट्टा मात्र वेळच्या वेळी बदलतो, अशा वर्गाने मुलीला व्यायाम मिळतो, पण संरक्षण मिळते असे समजू नये. हवा कधी उलट धक्का देत नाही.

आवाज आणि अंतर यांवरचे तास वर्गाची तिसरी जमेची बाजू. अनोळखी माणूस नको तितका जवळ येऊ लागला की दोन्ही हात, तळवे उघडे ठेवून छातीच्या उंचीवर पुढे आणायचे. बघणाऱ्याला तो समजुतीचा आविर्भाव वाटतो, पण हात आधीच चेहऱ्याच्या आणि त्याच्या मध्ये आलेले असतात. त्याबरोबर एकच वाक्य, खालच्या पट्टीत, पोटातून: ‘तिथेच थांबा.’ आमच्यापैकी बहुतेकींच्या तोंडून पहिल्या प्रयत्नात ‘अहो दादा, प्लीज जरा’ असेच निघाले आणि वाक्य संपताना चेहऱ्यावर हसू आले. ताईने ते हसू घालवण्यासाठी जितका वेळ खर्च केला तितका तिने लाथेवर केला नाही. आणखी एक बारकावा तिने सांगितला तो मला फार महत्त्वाचा वाटला. ओरडायचे झाले तर ‘तुम्ही’ म्हणून ओरडावे: ‘हात सोडा! मी तुम्हाला ओळखत नाही!’ ‘सोड मला’ असे ऐकणारा रस्त्यावरचा माणूस हे नवरा-बायकोचे किंवा प्रियकर-प्रेयसीचे भांडण समजून मान वळवून निघून जाण्याची शक्यता अधिक असते. ‘तुम्ही’ ऐकले की दोघे परके आहेत हे त्याला एका शब्दात कळते. त्यापुढे नुसते ‘वाचवा’ म्हणून न थांबता गर्दीतल्या एकाच माणसाकडे बोट दाखवून ‘निळा शर्ट, ११२ ला फोन लावा’ असे म्हणण्याचा सरावही करून घेतला गेला. तो करताना आम्ही सगळ्या ओशाळलो होतो, आणि ओशाळणे गादीवरच संपवावे हाच त्या तासाचा हेतू होता.

मनाच्या तयारीविषयी जाहिरातीत बरेच भारदस्त शब्द होते आणि मी जरा साशंक होऊनच त्या तासांना बसले. प्रत्यक्षात व्याख्यान दहा मिनिटांचे निघाले. भीतीच्या क्षणी शरीरात अॅड्रेनलिन वाढते, हृदय धडधडते, नजर समोरच्या एका गोष्टीवर आवळली जाते, बोटांची नाजूक कामे बिघडतात, आणि काही जणांचे शरीर लढत नाही व पळतही नाही, गोठते; हे गोठणे भित्रेपणाचे लक्षण नसून मेंदूची आपोआप होणारी प्रतिक्रिया आहे, एवढे सांगून सरांनी सर्वांना जिन्याकडे पिटाळले. तीन मजले पळत चढायचे, पळत उतरायचे, आणि दारात ठेवलेले कुलूप सहा किल्ल्यांच्या जुडग्यातून योग्य किल्ली शोधून उघडायचे. मागे दोन जण कानाशी ओरडत असतात. एरवी अंधारात चाचपून घराचे कुलूप उघडणाऱ्या माणसांच्या हातून किल्ल्या पडल्या. एकीने उघडलेले कुलूप पुन्हा लावून टाकले. यानंतर हल्लेखोराची करंगळी अमुक कोनात पिरगाळण्याच्या युक्त्या का शिकवत नाही, हे सरांना समजावून सांगावे लागले नाही. तळहाताच्या टाचेचा फटका, गुडघा, दोन्ही हातांनी ढकलणे, पायावर टाच ही मोठ्या स्नायूंची ढोबळ कामे दमलेल्या आणि घाबरलेल्या शरीरालाही जमतात, म्हणून अभ्यासक्रम त्यांच्याभोवती बांधलेला आहे.

युक्त्यांची संख्या मुद्दाम कमी ठेवण्याच्या समर्थनार्थ सर हिकच्या नियमाचा दाखला देत. विल्यम हिक या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९५२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत समोर लागणाऱ्या दिव्यांची संख्या वाढली की योग्य कळ दाबायला लागणारा वेळही वाढतो, असे दिसून आले होते. दाखला योग्य आहे, तरी प्रयोगशाळेतले दिवे आणि पार्किंगमधला माणूस यांत अंतर असल्याने त्यातून पाचच युक्त्या हव्यात की आठ, असा हिशोब काढता येत नाही, आणि सर तो कधी कधी काढत. हे किरकोळ आहे. कमी शिकवून पुष्कळ घोटून घेणे हे धोरण बरोबरच आहे.

आता उणिवा. सर्वांत मोठी उणीव कोणत्याही डावात नसून अभ्यासक्रमाच्या कल्पनेतच आहे: तो जवळजवळ पूर्णपणे अंधारातल्या अनोळखी माणसाला समोर ठेवून आखलेला आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांत वर्षानुवर्षे असे दिसते की बलात्काराच्या नोंदलेल्या प्रकरणांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, वरिष्ठ, मित्र. अशा माणसाला तळहाताचा फटका मारण्यापूर्वी जी भिंत ओलांडावी लागते ती संकोचाची, नात्याची आणि ‘लोक काय म्हणतील’ची असते, आणि तिच्यावर या वर्गात तीन महिन्यांत जेमतेम एक तास दिला गेला. कॅनडात चार्लिन सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठात नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थिनींसाठी बारा तासांचा एक कार्यक्रम आखला आणि तीन विद्यापीठांतील ८९३ विद्यार्थिनींवर त्याची रीतसर चाचणी घेतली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, वर्षभरात बलात्काराला बळी पडण्याचे प्रमाण केवळ माहितीपत्रके मिळालेल्या गटात ९.८ टक्के, तर कार्यक्रमासाठी निवडलेल्या गटात ५.२ टक्के होते. त्या कार्यक्रमाच्या चार सत्रांपैकी अंगाने प्रतिकार करण्याचे धडे एकाच सत्रात आहेत. उरलेला वेळ ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका लवकर ओळखणे, तो स्वतःशी मान्य करताना मनात येणारे अडथळे दूर करणे आणि आपल्याला काय हवे-नको ते ठरवणे यांत जातो. आमच्या ताईकडे या विषयावर बोलण्याची कुवत स्पष्ट दिसत होती. त्या एका तासात लग्नघरात पाठीवर हात ठेवणाऱ्या काकांना सर्वांदेखत काय म्हणायचे, यावर जी चर्चा झाली ती वर्गातली सर्वांत जिवंत चर्चा होती, आणि नेमकी ती वेळ संपली म्हणून थांबवली गेली.

दुसरी उणीव चाकूची, आणि तिला मी उणीव न म्हणता चूक म्हणेन. अकराव्या आठवड्यात रबरी चाकू आणले गेले. जोडीदाराने चाकूचा हात सरळ पुढे करायचा, तो तसाच ताणलेला ठेवायचा, आपण बाजूला सरकून मनगट धरायचे, वळवायचे आणि चाकू काढून घ्यायचा. दहा आठवडे विरोध करणाऱ्या जोडीदाराचा आग्रह धरणाऱ्या प्रशिक्षकांनी त्या संध्याकाळी मात्र पुतळ्यासारखा जोडीदार चालवून घेतला. खरा चाकू पुढे येतो आणि त्याच वेगाने मागे जातो, पुन्हा येतो, आणि बहुतेक वेळा तो येण्यापूर्वी दिसतही नाही. दुसऱ्या दिवशी मी व एका सहाध्यायिनीने सरांच्या परवानगीने रबरी चाकूऐवजी लाल स्केचपेन घेतले आणि पांढरे टी-शर्ट घातले. स्केचपेन धरणारीला हवे तसे चालवण्याची मुभा होती. मिनिटभरात बाह्या, पोट आणि मानेजवळचा भाग लाल रेघांनी भरला, तेही दोघींनाही चाकू चालवण्याचा काडीचाही अनुभव नसताना. सरांनी ते पाहिले, मान हलवली आणि प्रात्यक्षिकाचा भाग लोकांना हवा असतो असे सांगितले. ते खरे असेल. समाजमाध्यमांवर वर्गाची जी चित्रफीत फिरते तीत चाकू हिसकावून घेणारी मुलगीच आहे. रुमाल हनुवटीखाली धरून पडणारी निवृत्त माणसे कोण पाहणार?

या विषयावर पोलीस प्रशिक्षणात नेहमी सांगितला जाणारा एक सराव आहे. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीचे पोलीस अधिकारी डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले की २१ फुटांवर उभा असलेला सुरीवाला माणूस साधारण दीड सेकंदात अंगावर येऊन पोहोचतो, आणि तेवढ्या वेळात प्रशिक्षित पोलिसालाही कमरेचे पिस्तूल काढून नेम धरणे जेमतेम साधते. पिस्तूलधाऱ्याची ही गत असेल तर रिकाम्या हातांच्या माणसाला चाकू काढून घेण्याचा आत्मविश्वास देणे हे त्याला निःशस्त्र करण्याहून वाईट. पाकीट, मोबाइल, साखळी मागितली तर लांब फेकून विरुद्ध दिशेला पळणे, पळणे शक्य नसेल तर मध्ये गाडी, टेबल, पिशवी काहीतरी आणणे, आणि अगदीच कोंडी झाली तर दोन्ही हातांनी चाकूचा हात धरून तो न सोडणे, एवढे शिकवून तो आठवडा संपवता आला असता. यातला पहिला भाग सरांनी सांगितला जरूर, पण शेवटच्या दोन मिनिटांत, जोडीदार गाद्या उचलू लागल्यावर.

कायद्याच्या माहितीसाठी एका वकिलांचे व्याख्यान ठेवले होते. ते नेमके आणि कामाचे होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खासगी बचावाच्या हक्काची कलमे ३४ ते ४४ आहेत. जुन्या दंड संहितेत ती ९६ ते १०६ होती आणि आशयात फारसा बदल नाही. धोक्याची वाजवी भीती निर्माण होताच शरीराच्या बचावाचा हक्क सुरू होतो, त्यासाठी पहिला फटका खाण्याची वाट पाहावी लागत नाही, आणि ती भीती असेपर्यंत तो टिकतो. मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, अपहरण, अॅसिडहल्ला अशा ठरावीक प्रसंगी तो हल्लेखोराचा जीव जाण्यापर्यंतही पोहोचू शकतो. मात्र बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करण्याची मुभा कलम ३७ देत नाही. पळून जाणाऱ्याला गाठून मारणे, पडलेल्याला तुडवणे हे बचावात बसत नाही, हे वकिलांनी दोन-तीन प्रसंग रंगवून छान समजावले. खेद एवढाच की हे व्याख्यान शेवटच्या आठवड्यात आले. गुडघा कुठे मारायचा हे ज्या संध्याकाळी शिकवले त्याच संध्याकाळी कुठे थांबायचे हेही सांगायला हवे होते, कारण सरावात एकदा अंगात भिनलेली हालचाल शेवटच्या आठवड्यातले व्याख्यान ऐकून बदलत नाही.

फलकावर ‘क्राव मागा’ असेही लिहिलेले आहे. इमी लिख्टेनफेल्ड यांनी घडवलेल्या आणि इस्रायली सैन्यात रुजलेल्या या पद्धतीचा दबदबा मोठा असल्याने हे नाव हल्ली गल्लोगल्ली दिसते. इथे जे शिकवतात ते मुख्यतः ज्युदो, थोडे बॉक्सिंग आणि बाकी सरांचा तालमीतला अनुभव असे मिश्रण आहे, आणि ते चांगले आहे. त्याला परदेशी नावाची झालर लावण्याची काही गरज नव्हती. विचारल्यावर सरांनी हे मोकळेपणाने कबूल केले.

सोयींविषयी थोडक्यात. गाद्या पुरेशा जाड आहेत, पण दोन गाद्यांमधल्या फटी सरकतात आणि पायाचे बोट अडकते; सरावापूर्वी त्या स्वतः जुळवून घ्याव्यात. हॉलला खिडक्या कमी आणि पंखे दोनच, त्यामुळे मे महिन्यात जीव नकोसा होतो. मुठीला घालायचे ग्लव्हज सामाईक आहेत आणि त्यांचा वास वर्णन करण्यासारखा नाही. सूती बँडेज किंवा स्वतःचे ग्लव्हज न्यावेत. महिलांसाठी कपडे बदलायला स्वतंत्र खोली आहे. प्रवेशाच्या वेळी मणका, गुडघे, रक्तदाब, गर्भारपण यांविषयी कोणी काही विचारले नाही, फॉर्मवर तो रकानाच नाही. वयस्कर माणसांना घेणाऱ्या वर्गात हे खपवून घेता येणार नाही. उलट एका गोष्टीचे मनापासून कौतुक करावेसे वाटते: प्रात्यक्षिकासाठी कोणाच्याही अंगाला हात लावण्यापूर्वी सर प्रत्येक वेळी विचारत, आणि ‘नको’ म्हटले तर कारण न विचारता दुसऱ्याला बोलावत. बुडालेले तास दुसऱ्या बॅचमध्ये भरून घेता येतात, पार्किंगची मात्र बोंब आहे.

महाविद्यालयांत जागतिक महिला दिनाच्या सुमारास दोन तासांची स्वसंरक्षण कार्यशाळा होते, प्रमाणपत्रे वाटली जातात आणि छायाचित्रे निघतात. तिच्याशी तुलना केली तर हा वर्ग कितीतरी वरचा आहे. गंभीरपणे ज्युदो शिकायचे असेल तर मात्र ज्युदोच्या नियमित क्लबमध्ये जावे, तिथे महिन्याचे शुल्कही बहुधा याहून कमी पडेल आणि रांदोरी भरपूर मिळेल. चाळिशीपुढच्या, पूर्वी कधी मैदानावर न गेलेल्या माणसाला, तसेच घर सोडून शिक्षणासाठी बाहेरगावी निघालेल्या मुलीला मी हा वर्ग सुचवीन. पाठीच्या मणक्याचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे आणि मग सरांनाही स्पष्ट सांगावे, कारण ते आपणहून विचारणार नाहीत. पैसे भरण्यापूर्वी एक संध्याकाळ बसून पाहू देतात. ती बॅचच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यातली निवडावी आणि शेवटची वीस मिनिटे संपेपर्यंत उठू नये.